ओटीतली केळी

आज लातूरच्या क्लासात गुणसूत्रं शिकवत होते. पहिल्या बाकावरच्या पोरीनं डबा उघडला, पिकल्या केळ्याचा वास आला आणि माझा खडू थांबला.

फळ्यावर नुकतंच लिहिलं होतं: माणसाच्या शरीरपेशीत शेहेचाळीस, बीजपेशीत बरोबर निम्मी, तेवीस. खाली केळीचं उदाहरण. तिच्या पेशीत अकरा-अकराचे तीन संच. तिनाचे दोन सारखे वाटे होत नाहीत, म्हणून बीजपेशी नीट बनत नाही आणि फळात बी धरत नाही.

हे मला वीस वर्षांपूर्वीही पाठ होतं. तेव्हा नांदेडला माझं डोहाळजेवण होतं. मला लहानाचं मोठं केलेली काकू अर्धापूरहून आपल्या बागेतली केळी घेऊन आली होती. बसच्या धक्क्यात एकालाही डाग पडू दिला नव्हता तिनं. तिला मूलबाळ नव्हतं. ती ओटी भरायला वाकली, तशा सासूबाई म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या हो. लेकुरवाळीला भरू द्या."

"हाव, बरोबर हाय," काकू म्हणाली. केळी तिनं माझ्या जावेच्या हातात दिली आणि माझ्याकडे पाहिलं. एम.एस्सी. झालेली मी, हिरव्या साडीच्या निऱ्या सारख्या करत बसले.

जावेनं केळी माझ्या ओटीत घातली. ज्या फळात कधी बी धरत नाही, ते ओटीत चाललं. काकू चालली नाही.