पाहुण्याला चेहरा कोणाचा?

"दादा, याला चेहरा कोणाचा लावायचा?"

हा प्रश्न मी माझ्या भावाला विचारला तेव्हा त्याच्या तोंडात दोन स्क्रू होते. त्याने नुसता 'थांब' असा हात केला. स्क्रू लावून झाले, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मग लाइट गेली. मग दिवाळीची बॅनरं आली. आणि दिवाळीनंतर चार दिवसांच्या तापात दादाच गेला. उत्तर राहून गेलं.

मग मी तोच प्रश्न दिसेल त्याला विचारत सुटलो. उत्तर एकानेही दिलं नाही, पण प्रत्येकाने एकेक किस्सा मात्र दिला! आमचं रेडियम आणि फ्लेक्सचं दुकान शहाद्याला एसटी स्टँडजवळ. दिवसभर लोक गाडीवर नाव टाकायला येतात आणि बोलून जातात. स्टिकरची कातरणं काउंटरखाली साठतात ना, तसे हे किस्से साठतात. कितीही झाडू मारा, चपलेला चिकटून घरी येतातच. मी आठवी नापास माणूस, पण हे कातरण मी फेकणार नाही.

* * *

पहिला किस्सा पाहुणा आला त्या दिवसाचा.

दादाने रोबोटचं किट मागवलं होतं. गुडघ्याएवढा माणूस, पण सगळा सुटा. काळ्या पट्ट्या, सतरा मोटरी, पांढऱ्या प्लॅस्टिकची कवचं आणि डोक्याच्या जागी एक कोरा गोल डबा. आमच्याकडे बॅनर बांधायला दिलवरभाऊ आहे. तो धडगावकडचा, खांबावर माकडासारखा चढतो. त्याने खोकं उघडून आत पाहिलं आणि म्हणाला, "दादा, पाहुणा तर उघडाच आला!"

तेव्हापासून त्याचं नाव पाहुणा.

दादा गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात तो जोडायचा. एकदा एक काका ट्रॅक्टरवर नातवाचं नाव टाकायला आले. पाहुण्याकडे बघत म्हणाले, "हाऊ कापूस येचस का?"

दादा म्हणाला, "नही काका. सलाम ठोकस."

"आनि?"

"आनि मान हालावस."

"मंग सरळ सांग ना, सरकारी शे!"

दादा इतका हसला की एक स्क्रू हरवला. तो अजून सापडलेला नाही.

* * *

दादाचा डावा पाय लहानपणापासून एक बोट आखूड. त्यामुळे तो जरा डावीकडे कलून उभा राहायचा. पण कोणी कीव केली तर खपायचं नाही त्याला.

एकदा एका गिऱ्हाइकाने तक्रार केली, "तुम्ही बांधलेलं बॅनर कललंय." दादा बाहेर गेला, बॅनरकडे बघितलं, गिऱ्हाइकाला धरून स्वतःच्या जागेवर उभं केलं आणि म्हणाला, "माझ्यासारखं उभं राहून बघ. सरळ आहे की नाही?"

गिऱ्हाइकाने खरंच कलून बघितलं! आणि "हो, आता बरोबर आहे," म्हणून निघून गेलं.

असा माणूस. दिलवरभाऊच्या गावच्या आश्रमशाळेत फ्लेक्स लावायला गेला तर पोरं भोवती जमली. मोबाइलमध्ये त्यांना पाहुण्याचे फोटो दाखवले आणि शब्द देऊन आला, "सव्वीस जानेवारीला हा येईल झेंड्याला सलामी द्यायला. कपडे घालून, तयार होऊन येईल!"

दादा गेल्यावर त्याच्या कितीतरी गोष्टी राहिल्या. मी त्यातली ही एक धरली. बाकी काहीही होवो, सव्वीस जानेवारीला पाहुणा सलामी देणार. आणि तयार होऊनच देणार.

* * *

आता निळ्या कोटाचा किस्सा. हा सांगताना मला अजून राग येतो, पण हसूही येतं.

आमचा डिझायनर हेमंत. आम्ही हेम्या म्हणतो. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये एक निळा कोट आहे, लाल टायसकट. कोणी वारलं की घरचे कुठलातरी एक फोटो आणून देतात. कधी बनियनवरचा, कधी लग्नाच्या पंगतीतला. हेम्या मुंडकं कापून त्या कोटावर बसवतो. जन्मभर धोतर नेसलेली म्हातारीकोतारी माणसंही श्रद्धांजलीच्या बॅनरवर त्याच निळ्या कोटात! दादा म्हणायचा, "आपल्या तालुक्यातून जो जातो तो हेम्याचा कोट घालून जातो. वर सगळे एकाच बँकेचे मॅनेजर वाटत असतील!"

आणि एकदा म्हणाला होता, "हेम्या, मला तो घालू नकोस हां. मला गरम होईल."

दादा गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी चौकात गेलो तर वर बॅनरवर दादा. निळा कोट. लाल टाय.

मी थेट खांबावर चढलो. बॅनर फाडायला लागलो. खाली गर्दी झाली, लोक ओरडत होते. दिलवरभाऊने मला अडवलं नाही. खालून एवढंच म्हणाला, "डावीकडची दोरी आधी काप. नाहीतर तूच गुंडाळून खाली येशील."

हेम्या गर्दीत उभा होता. डोळे सुजलेले. म्हणाला, "बंट्या, कोट कधी घातला ते मला कळलंच नाही रे. हातानेच घातला."

मी त्याच्याशी बोलणं बंद केलं. दोन महिने एका टेबलावर काम केलं, पण निरोप दिलवरभाऊमार्फत. "त्याला सांग, शाई संपलीय." "त्याला सांग, मला दिसतंय!"

* * *

मध्ये एक कार्यकर्ता आला. त्याच्या नेत्याच्या वाढदिवसाचं बॅनर होतं. पाहुण्याला बघून हरखला. म्हणाला, "चेहरा कोरा का? आमच्या भाऊंचा लाव! मिरवणुकीत पुढे चालवू!"

मी म्हणालो, "भाऊंना चालेल का? हा बोलत नाही. फक्त सलाम करतो आणि होकाराची मान हलवतो. नाही म्हणताच येत नाही याला."

त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "मग माझाच लाव!"

* * *

दादाचाच चेहरा लावावा, हे कोणी बोलत नव्हतं, पण माझ्या मनात तेच होतं. हेम्याशी बोलायचं नव्हतं म्हणून मी स्वतःच कॉम्प्युटरवर बसलो. गोल डब्यावर सपाट फोटो बसवणं म्हणजे सोपं काम नाही! पहिल्यांदा नाक कानाशी गेलं. दुसऱ्यांदा दादा चिनी झाला. तिसऱ्यांदा बसला. एकदम दादा. मी पाहुण्याला पिशवीत घालून घरी नेलं आणि मायपुढे उभा केला.

माय दादर ज्वारी निवडत होती. तिने सुपडं खाली ठेवलं. खूप वेळ बघितलं. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, "देख, दाढी बी नही करेल. असा उभा करशी का त्याले लोकेसना समोर?"

फोटोत दादाची दाढी खरंच वाढलेली होती.

मग तिने नखाने कोपरा उचलला आणि इतक्या सावकाश सोलला की स्टिकर कुठेच फाटला नाही. आमच्या दुकानात इतकं सफाईने सोलणारं कोणी नाही. म्हणाली, "हाऊ मन्हाजोडे ऱ्हाऊ दे. तू त्याले दुसरं काही लाव."

तो चेहरा तिने पिठाच्या डब्याच्या झाकणाला लावला. आतून.

* * *

सव्वीसला पाच दिवस राहिले होते आणि पाहुणा अजून उघडाच होता.

सकाळी दुकानात आलो तर हेम्याने स्कॅनरवर दादाचा शर्ट पसरलेला. दादा कामाला घालायचा तो चौकटीचा, खिळ्यावर लटकत होता तोच. मला काही न सांगता त्याने कापड स्कॅन केलं, चौकट बारीक केली, स्टिकरवर छापली आणि पाहुण्याच्या छातीवर, खांद्यावर, दंडावर एकेक तुकडा बसवायला लागला. शिवणीवर रेष जुळेना तेव्हा उपसून पुन्हा लावायचा. चार वेळा. मी बघत उभा.

तो स्वतःशीच म्हणाला, "रेष जुळली पाहिजे. नाहीतर दादा ओरडेल."

आणि आम्ही दोघंही थांबलो.

मी म्हणालो, "चहा घेशील?"

दोन महिन्यांनी त्याच्याशी बोललेला पहिला शब्द तो. हेम्याने स्टिकरचा चाकू खाली ठेवला आणि म्हणाला, "साखर जास्त सांग!" मग माझ्यावर भरवसा नसल्यासारखा स्वतःच सांगायला गेला.

तो गेला आणि माझा उतावळेपणा जागा झाला. पॅंट राहिली होती. मी काळा स्टिकर घेऊन डाव्या पायाला लावला. गुडघ्याखाली सुरकुती पडली. आता मोटरसायकलच्या टाकीवर सुरकुती पडली की आम्ही काय करतो? हीट गन लावतो, स्टिकर मऊ पडतो, ओढून बसवतो. हजारदा केलंय. लावली गन!

टाकी लोखंडाची असते. पाहुण्याचा पाय प्लॅस्टिकचा. सुरकुती गेली, आणि पायही गेला. मेणबत्तीसारखा वाकला.

हेम्या चहा घेऊन आला. दिलवरभाऊ शिडी घेऊन आला. पाहुणा काउंटरवर उभा होता. चौकटीचा शर्ट, काळी पॅंट, आणि डावीकडे कललेला.

चहा निवला. शेवटी दिलवरभाऊ म्हणाला, "आता ओळखू आला."

* * *

ओळखू आला, पण उभा राहीना! सलामीला हात वर केला की डावीकडे धाडकन.

लोणखेड्याच्या कॉलेजची दोन पोरं आमच्याकडे प्रोजेक्टचे बोर्ड करायला येतात. त्यांना बोलावलं. त्यांनी मोबाइलवरून मोटरींचे कोन बदलून बघितले. नुसता उभा राहायचा. हात उचलला की पुन्हा आडवा. त्यातला एक म्हणाला, "नवीन पाय मागवा. दहा दिवसांत येईल."

मी म्हणालो, "सव्वीस जानेवारी दहा दिवस पुढे ढकलतोस का?"

पोरं वह्या घेऊन गेली.

* * *

आता सव्वीस जानेवारी.

पहाटेच दिलवरभाऊच्या मोटरसायकलवर निघालो. पाहुणा माझ्या मांडीवर, मायच्या जुन्या साडीत गुंडाळलेला. शाळेच्या मैदानात चुन्याच्या रेघा मारलेल्या, पोरं रांगेत बसलेली. झेंड्याच्या खांबासमोर एका टेबलावर पाहुण्याला उभं केलं. चेहरा कोराच होता. फक्त डोळ्यांच्या जागी ट्रॉलीच्या मागे लावतो तसले पांढऱ्या रेडियमचे दोन गोल. उन्हात चमकायला लागले तशी पोरं पुढे सरकली.

पाहुणे अजून आले नव्हते. म्हणजे खरे पाहुणे, खुर्चीवाले. बॅटरी जेमतेम दहा मिनिटं टिकते. अर्धा तास झाला. पोरं उन्हात. मला धीर असता तर काय पाहिजे होतं! मी मनात म्हणालो, एकदा नुसतं बघू, आणि बटण दाबलं.

पाहुण्याने मान हलवली. टाचा जुळवल्या. उजवा हात कपाळाला लावला.

आणि समोरची शंभर-दीडशे पोरं एकदम उठून उभी राहिली आणि खाड्कन सलामी दिली! कोणी सांगितलं नव्हतं. पोरं उठली म्हणून मास्तर उठले. मास्तर उठले म्हणून हेडमास्तर गडबडले, धावत खांबाकडे गेले आणि दोरी ओढली. झेंडा फडकला, फुलं पडली, राष्ट्रगीत सुरू झालं!

पाहुणा शेवटपर्यंत सलामीत उभा होता. हलला नाही. पडला नाही.

राष्ट्रगीत संपलं आणि गेटवर खुर्चीवाल्या पाहुण्यांची गाडी आली. उतरून वर बघत त्यांनी विचारलं, "झालं?"

हेडमास्तर पाहुण्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांच्या हस्ते झालं, साहेब!"

नंतर सगळी पोरं टेबलाभोवती. दिलवरभाऊची मुलगी तिसरीत आहे. ती वाकून पाय बघत होती. तिने मला विचारलं, "याला एकाच पायात चप्पल का?"

दिलवरभाऊ म्हणाला, "तू लाडू घे आधी."

* * *

राहिला आदल्या दिवसाचा किस्सा.

एसटी स्टँडच्या गेटपाशी चपला शिवणारे नाना बसतात. दादाने नवीन जोड घेतला की उजवी चप्पल घरी ठेवायची आणि डावी मी नानांकडे न्यायची, हे मी सात-आठ वर्षांचा असल्यापासूनचं. नाना रबर कापून एक बोट जाड तळ चढवायचे, सोल्युशन लावायचे आणि म्हणायचे, "दाबून धर. शंभर मोज." मला तेव्हा शंभरपर्यंत आकडे नीट येत नव्हते. नानांनीच शिकवले, दादाच्या चपलेवर.

पंचवीस तारखेला दुपारी मी पाहुण्याला नेऊन त्यांच्या पेटीवर उभं केलं. तो कलला. नानांनी चष्मा वर केला. आधी शर्ट बघितला. मग पाय. स्वतःचं बोट आडवं करून त्याच्या डाव्या पायाखाली घातलं.

"याला अर्धं बोट पुरे," म्हणाले. आणि मागच्या गोणपाटाखाली हात घालून एक चप्पल काढली. नवी कोरी, डावी, तळ चढवलेली. "ही दिवाळीआधी टाकून गेला होतास तू. घ्यायला आलाच नाहीस."

मी विसरलो होतो.

चप्पल हातात घेतली. उलटी करून बघितली. तळावर एकही ओरखडा नव्हता.

"नाना, यातूनच काढा."

"अरे, तयार चप्पल आहे. माझ्याकडे दुसरं रबर आहे."

"यातूनच."

नानांनी चष्मा खाली ओढला. मग रापी घेतली. तळ सोडवला, अर्धा चिरला, पाहुण्याच्या पायाच्या मापाने गोल कापला. कडा घासल्या. सोल्युशन लावून फुंकर मारली.

पाहुण्याला माझ्या मांडीवर आडवं केलं आणि म्हणाले, "दाबून धर. शंभर मोज."

मी दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि मोजायला लागलो. शहाद्याच्या स्टँडचा गोंधळ, गाड्यांचे भोंगे, कंडक्टरची आरोळी. मी मोठ्याने मोजत होतो. शंभर झाले.

नाना म्हणाले, "झालं. बसला. सोड आता."

मी पुन्हा एकपासून सुरू केलं.