अप्पांच्या शेजारची जागा

आमच्यात माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. मांडी घालून, तळहातावर त्याच्याच गळ्यातलं इष्टलिंग ठेवून, अंगाभोवती विभूती आणि बेलाची पानं. लग्न होऊन नांदेडला आले तेव्हा शेजारणीला हे सांगितलं, तर तिनं पदर तोंडाला लावला. मला त्यात भिण्यासारखं कधी काही वाटलं नाही. उदगीरजवळच्या आमच्या रानात अप्पा, म्हणजे माझे वडील, तसेच बसलेले आहेत. त्यांच्या शेजारची जागा आईनं स्वतःसाठी धरून ठेवली होती. पुढे तिनं ती माझ्या भावाला देऊन टाकली.

अण्णा माझ्याहून मोठा. उदगीरच्या मोंढ्यात त्याचं अडतीचं दुकान. हरभरा बघायला म्हणून उमरीकडे गेला, तो परत आलाच नाही. मोटारसायकल रस्त्याकडेला सापडली. पोलिसांनी दोघांना धरलं. ते आज एक जागा दाखवत, उद्या दुसरी, आणि शेवटी म्हणाले की आम्हाला काही ठाऊक नाही. साहेबांनी आम्हाला बसवून सांगितलं, तो गेला असंच धरून चाला. धरायला हातात काहीतरी लागतं, हे त्यांना कोण सांगणार?

उमरीजवळच्या ओढ्याकाठी पहिल्यांदा खणलं तेव्हा मी आईबरोबर होते. तिनं पिशवीत विभूतीचे गोळे, बेल आणि कोरं पांढरं धोतर घेतलं होतं. मजुरांनी कमरेएवढं खणलं. काही लागलं नाही. फौजदार पुरे म्हणाले, तशी आई पुढे झाली.

"आजून खोल खंदा, सायेब. बसवलेलं माणूस लई खाली आसतंय."

फौजदारांनी माझ्याकडे बघितलं. ज्यांनी त्याला मारलं ते त्याला मांडी घालून कशाला बसवतील, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला मात्र त्या क्षणी ते सुचलंही नाही. मीसुद्धा मनात खोल, उभा खड्डाच बघत होते. आम्हाला दुसऱ्या तऱ्हेनं पुरलेला माणूस ठाऊकच नव्हता. फौजदार भला माणूस, त्यानं आणखी खणायला लावलं. खाली मुरूम लागला आणि सगळे आपापल्या घरी गेले.

खरं तर अण्णाला धड मांडी घालताच यायची नाही. कबड्डीत गुडघा गेलेला. पंगतीत एक पाय लांब सोडून बसायचा, वाढणारे त्याला अडखळायचे. "मला खुर्चीसकट पुरावं लागतंय बघा," असं म्हणून स्वतःच हसायचा आणि आईच्या हातचा धपाटा खायचा. पाठीतला आणि ताटातला, दोन्ही.

नांदेडला माझ्याकडे आला की जिन्याखालूनच हाक मारायचा. मी शाळेत शिकवते, म्हणून मास्तरीणबाई. खिशात कायम हरभऱ्याचे दाणे. शर्ट धुवायला टाकला की ते मोरीभर व्हायचे आणि मी चिडायचे. आता बाजारातून जाताना धान्याची धूळ नाकात गेली तरी मान वळते. तो मेला असणार हे डोक्याला पटतं. जीव काही ऐकत नाही. मला त्या दोघांची फाशीही नको होती. एक जागा हवी होती, जिथे जाऊन बसावं आणि त्याच्याशी पोटभर भांडावं.

सल्ले देणाऱ्यांना मात्र तोटा नव्हता. कुणी म्हणे अमावास्येला कावळ्याला घास ठेवा. आमच्यात ते नसतं, पण सांगणाऱ्याचं काय जातंय? काका म्हणाले, कणकेचा माणूस करू, त्याच्या हातात लिंग देऊ आणि अप्पांच्या शेजारी बसवू, म्हणजे सगळे मोकळे. आमचे स्वामी घरी येऊन बसले. लिंग त्याचंच लागेल म्हणाले, आणि ते त्याच्याच गळ्यात आहे. काकांनी बाजारातून नवीन आणायची तयारी दाखवली. वहिनी उठून आत गेली. आई म्हणाली, माझा पोरगा कणकेचा न्हाई. त्यानंतर दर श्रावणात ती त्या जागेवरचं गवत उपटायची, दगड वेचायची. पाहुण्याची खोली झाडून ठेवावी तशी.

गेल्या वर्षी ती आजारी पडली. लातूरच्या दवाखान्यात तिनं सगळ्यांदेखत सांगितलं की मला अप्पांच्या शेजारीच बसवा. काकांनी सुस्कारा सोडला. बाहेर येऊन म्हणाले, बरं झालं, म्हातारीनं शेवटी मानलं. वहिनी भिंतीला टेकून रडली. मलाही वाटलं, आईनं आशा सोडली. मी आत गेले आणि तिला विचारलं, अव्वा, ती जागा तर अण्णाची ना?

तिनं माझा हात धरला. "लई दिवस त्याला मातीत बसवायची वाट बघून राहिले होते मी. आई असून. त्याला जागा कशाला लागती? जित्याला घर हाय की."

तिला आम्ही तिथेच बसवलं. स्वामींनी तिच्या तळहातावर लिंग ठेवलं, मी बेल वाहिला. माती लोटून झाल्यावर काका जवळ आले आणि हळूच म्हणाले, पोरासाठी त्या कडुलिंबाखाली खूण करून ठेवू का? रान काय थोडकं हाय?

रान थोडकं नाही, बांधापर्यंत आमचंच आहे. मी काकांना म्हणाले, जागा शिल्लक नाही.