कॅसेटीचं शेपूट

मोहाडीच्या बाजाररस्त्यावर सेवकरामचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. पंच्याऐंशी साली त्यानं नागपूरहून व्हीसीआर आणला आणि दुकानात दोन फळ्या ठोकल्या. वरच्या फळीवर हसायचे सिनेमे, खालच्या फळीवर रडायचे. खालची फळी लवकर भरली. जुने काळे-पांढरे सिनेमे त्याच्या जिवाचे, आणि त्या काळात सिनेमावाल्यांना माणसाला रडवल्याशिवाय जेवण जात नसावं.

मोहाडीत कोणी सिनेमाचं नाव सांगून कॅसेट मागत नसे. लोक येऊन नुसतं कार्य सांगत. बारसं आहे, नवं घर बांधलंय, जावई पहिल्यांदा राहायला येतोय. मग सेवकराम डॉक्टरासारखा विचारपूस करी. म्हातारीला ऐकू येतं का? जावई रुसका आहे का? घरात कोणी नुकतं गेलंय का? सगळं ऐकून तो फळीकडं बघत उभा राही आणि मग एकच कॅसेट काढून देई. ती बदलून मागायची कोणाची छाती नव्हती. सेवकरामनं दिलेला सिनेमा डोळे मिटून पाहावा, असं लोक म्हणत. आता डोळे मिटून सिनेमा कसा पाहतात, हे मोहाडीकरांनाच ठाऊक.

सिनेमा संपल्यावर कॅसेटीत थोडी फीत उरते. ती कोरी सोडणं सेवकरामच्या जिवावर येई. रडून उठलेल्या माणसाला तसंच घरी धाडू नये, असं त्याचं म्हणणं. त्या उरलेल्या फितीत तो दुसऱ्या मशीनवरून एखादं गाणं उतरवून ठेवी. पण गाणं सिनेमातलं नाही. कुठल्या तरी मैफलीचं, कव्वालीचं, भजनाचं, म्हणजे लोकांसमोर बसून गायलेलं, मधल्या खोकल्यासकट आणि मागं रडणाऱ्या पोरासकट. लोक त्याला 'सेवकरामचं शेपूट' म्हणत आणि शेपूट पाहिल्याशिवाय उठत नसत.

एकदा नागपूरच्या बाजारात त्याला एक विलायती कॅसेट मिळाली. तिच्यात एक काळा म्हातारा खुर्चीवर बसून गिटार घेऊन गात होता. समोरची माणसं श्वास रोखून ऐकत होती. सेवकरामला त्यातला एक शब्द कळला नाही, तरी त्यानं ते गाणं एका सिनेमाला जोडून दिलं. सिहोऱ्याच्या बाया ते पाहून म्हणाल्या, "याची बायको मेली काय जी?" आणि पुन्हा लावायला लावलं. सेवकरामचा मोठा भाऊ धनीराम तेव्हा दुकानात आला होता. तो त्या म्हाताऱ्याकडं बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "हा आपल्यातलाच दिसते, सेवक. भाषा तेवढी दुसरी आहे."

आपल्यातला म्हणजे दंडारीतला. धनीराम तिकडं सीमेलगतच्या बपेऱ्याला धानाची शेती करी. दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या रात्री दंडार होते. गावातलेच शेतकरी तोंडाला रंग लावतात, बायांची सोंगंही पुरुषच घेतात. धनीराम वीस वर्षं बाईच होत आला होता. लुगडं नेसून, कपाळभर कुंकू लावून तो उभा राहिला आणि खाणीत गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बाईचं गाणं म्हणू लागला, की मंडईतली भांडणंसुद्धा थांबत. आईबाप पटकीत गेल्यावर या धनीरामनंच सेवकरामला वाढवलं. स्वतः लग्न केलं नाही, पण भावाला नागपूरला रेडिओचं काम शिकायला धाडलं.

नागपूरला एकदा धनीराम भावाला भेटायला थेट मंडईतून गेला. कानामागचा रंग नीट पुसला गेला नव्हता. खोलीवरची पोरं पुढं दोन वर्षं सेवकरामला 'बाईचा भाऊ' म्हणत. तेव्हापासून भावाच्या दंडारीचा विषय त्यानं कुठं काढला नाही. मोहाडीत कोणाला पत्ता नव्हता. आपल्याला भावाची लाज वाटत नाही, असं तो स्वतःला सांगत असे. आता जी गोष्ट स्वतःला पुन्हापुन्हा सांगावी लागते, ती कितपत खरी हे तुम्हीच ओळखा.

पण त्या विलायती म्हाताऱ्यानं त्याच्या मनात काहीतरी हलवलं. पुढच्या मंडईला त्यानं तुमसरच्या लग्नं टिपणाऱ्या कॅमेरावाल्याला बपेऱ्याला नेलं आणि धनीरामचं गाणं टिपून घेतलं. घरी आणून ते त्यानं आपल्या सगळ्यात आवडत्या सिनेमाच्या शेपटाला जोडलं. ती कॅसेट फळीवर गेली नाही. ती घरच्या कपाटात राहिली आणि दुपारी बायको झोपली की तो एकटाच ती पाहत बसे.

मग चंद्रकलेच्या लग्नाचा योग आला. चंद्रकला ही सेवकरामची एकुलती एक मुलगी. भंडाऱ्याचे पुंडलिकराव निवृत्त हेडमास्तर, त्यांचा मुलगा कॉलेजात शिकवणारा. पोर त्यांनी पाहिली, पसंत केली. आता घर पाहायला येणार होते. मध्यस्थ भय्याजी म्हणाले, "एक सांगून ठेवतो, सेवकराम. मास्तर मोठे कडक आहेत. नाचगानं, सोंगंढोंगं त्याइले चालत नाही. त्याच्यापाई एक सोयरीक मोडली म्हन्ते. तुम्ही काहीतरी चांगलं, घरंदाज दाखवा."

सेवकरामला आधी दादाची दंडार आठवली. धनीरामला बोलावल्याशिवाय भागत नव्हतं. घरातला मोठा माणूसच बैठकीत नसला तर पाहुणे काय म्हणतील? दिवाळीच्या आधीच तो बपेऱ्याला गेला आणि खाली मान घालून म्हणाला, "दादा, पावने येईतवर मिशा ठेव ना."

धनीरामला कारण विचारावं लागलं नाही. तो हसला. "ठेवतो ना. पोरीचं काम आहे. मिशा ठेवल्यावर या वर्षी सोंग नाही जमत, पन पावने गेले का त्याच सांजी काढतो. शेवटची सिहोऱ्याची मंडई तरी भेटन."

सिनेमाची निवड मात्र सेवकरामनं जीव ओतून केली. पुंडलिकरावांची बायको जाऊन चार वर्षं झाली होती, ते त्यानं भय्याजींकडून काढून घेतलं. हसरा सिनेमा देऊन चालणार नव्हतं, कडक माणूस हसताना अवघडतो. देवाचा दिला तर म्हणतील, परीक्षा घेतो काय. त्याला एकच सिनेमा दिसत होता, खेड्यातल्या एका म्हाताऱ्या होत चाललेल्या मास्तराचा. बायको गेल्यावरही तो रोज दोन ताटं वाढतो. हाच त्याचा सगळ्यात आवडता सिनेमा. फळीवरची कॅसेट तेवढी घासून खराब झाली होती, चित्र थरथरायचं. चांगली प्रत घरच्या कपाटात होती, धनीरामच्या शेपटाची.

त्यानं ठरवलं, मशीनजवळ बसायचं आणि 'समाप्त' आलं की बटण दाबायचं.

पाहुणे दुपारी आले. चहा-चिवडा झाला. सेवकरामच्या बायकोनं, सुलोचनाबाईंनी, खिडक्यांना घोंगडी लावून अंधार केला. सेवकरामनं ओळख करून दिली, "हे आमचे मोठे बंधू, शेती पाहतात." धनीराम पांढऱ्याशुभ्र धोतरात, झुबकेदार मिशांत, खरोखर पाटलासारखा दिसत होता. पुंडलिकरावांनी त्याला मानानं शेजारी बसवलं. सिनेमा सुरू झाला.

निवड चुकली असती तर बरं झालं असतं. पण ती चुकली नाही. दुसरं ताट वाढलं गेलं तेव्हा पुंडलिकरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. शेवटाला तर ते उपरण्यात तोंड घालून रडत होते. 'समाप्त' आलं, सेवकराम उठू लागला, तेवढ्यात मास्तरांनी त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "सेवकरामजी, आमची मास्तरीनबाई गेली तेव्हापासून मी रडलो नव्हतो. तुम्ही मले रडवलं." हात सुटेना. ज्या माणसानं मुलीचा हात मागायला यावं, त्याच्या हातातून आपला हात हिसकावून घ्यायचा कसा?

पडद्यावर मुंग्या आल्या, गेल्या, आणि पेट्रोमॅक्सच्या उजेडात हिरवं लुगडं नेसलेला धनीराम उभा राहिला.

"दिवा लावू कोनासाठी," त्यानं आळवायला सुरुवात केली, "वाट पाहू कोनाची." मागं एक पोर रडत होतं, कोणीतरी खोकलं. चंद्रकला दाराआडून पाहत होती; तिनं मोठेबाबांना ओळखलं आणि तोंडावर पदर धरला. पुंडलिकरावांचे डोळे पडद्यावरून हलेनात.

"हा कोन आहे जी?"

"मालूम नाही जी," सेवकराम म्हणाला. "कोन्या मंडईतला असन. कॅमेरावाल्यानं भरून देल्लं काहीतरी. आपल्या ओळखीचा नाही. बंद करतो."

"थांबा." हात अजून सुटला नव्हता. गाणं शेवटापर्यंत गेलं. मग पुंडलिकराव हळूच म्हणाले, "माही माय जात्यावर असंच म्हने. असा मानूस आपल्या लग्नात आला पाहिजे, सेवकरामजी. मांडवात त्यानं गायलं पाहिजे. पता लावा त्याचा." आणि ते धनीरामकडं वळले. "तुमच्या बाजूचाच दिसते. तुम्ही तं ओळखत असान?"

कुठले कडक मास्तर आणि कसलं काय! भय्याजींनी ऐकीव गोष्ट सांगितली आणि सेवकरामनं ती गाठीला बांधली होती. एका शब्दाचं काम होतं. हाच तो, तुमच्या शेजारी बसलाय, एवढंच म्हणायचं होतं. पण आत्ताच 'ओळखत नाही' म्हणून बसलेला माणूस ते कसं म्हणणार? मुलीचा बाप खोटा ठरला, मग सोयरीक कसली? धनीरामनं तोंड उघडलं, आणि त्याच्या तोंडून काही निघायच्या आत सेवकराम बोलून गेला.

"गेला म्हन्ते जी तो. मागच्या उन्हाळ्यात."

पुंडलिकरावांनी 'अरेरे' म्हटलं आणि बंद होत आलेल्या पडद्याला हात जोडले. मग त्यांनी पुन्हा धनीरामकडं पाहिलं.

धनीरामनं एकवार भावाकडं पाहिलं. त्या नजरेत राग असता तर सेवकरामला सोसला असता. "हो जी," धनीराम म्हणाला. "गेला तो." आणि त्यानंही हात जोडले.

सोयरीक पक्की झाली. साखर वाटली, वैशाखातला मुहूर्त धरायचं ठरलं. निघताना पुंडलिकराव सेवकरामच्या निवडीचं कौतुक करता थकेनात. सेवकराम हसत होता, मान डोलावत होता, आणि आतून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. ज्यानं आपल्या तोंडचा घास काढून याला भरवला, त्याला यानं त्याच्याच समोर, त्याच्याच पुतणीच्या सोयरिकीसाठी मारून टाकलं होतं. आणि त्यानं ते मान्यही केलं होतं.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर सेवकराम घरात शोधू लागला, दादा कुठं. मग त्यानं आपला दाढीचा वस्तरा घेतला, खिशात घातला आणि परसात गेला. मिशा काढ म्हणावं, सिहोऱ्याला जा म्हणावं, मी स्वतः घेऊन जातो म्हणावं.

परसातल्या विहिरीवर धनीराम उभा होता. अंगावरचं पांढरं धोतर, सदरा, सगळ्यासकट तो डोक्यावर बादल्या ओतून घेत होता. सांजेची थंडी पडली होती. चंद्रकला टॉवेल घेऊन धावत आली.

"मोठेबाबा, काहून हो? एवढ्या थंडीत आंघोळ करून राहिले! बिमार पडान ना!"

"घरचा मानूस गेल्याचं कानावर आलं बाई, का आंगावर पानी घ्या लागते," धनीराम म्हणाला. "त्याच्याबिगर जेवाले बसता येत नाही. रीत आहे. तू जा, माय बलावून राहिली."

पोर बापाकडं बघत राहिली. मग टॉवेल विहिरीच्या काठावर ठेवून ती आत गेली.

सेवकराम पुढं झाला. त्याला रडू येत होतं आणि रडायचीही लाज वाटत होती. "दादा," एवढंच तो म्हणाला. मग त्यानं रिकामी बादली उचलली, विहिरीत सोडली, भरून वर ओढली आणि डोक्यावर घ्यायला उचलली.

धनीरामनं त्याच्या हातातली बादली धरली. आवाज नेहमीचाच, लहानपणी थंडीत बाहेर जाऊ नको म्हणून सांगायचा तसा.

"तू राहू दे, सेवक. तुले नाही लागत. तुह्या ओळखीचा नव्हता ना तो."

त्यानं पाणी स्वतःच्या डोक्यावर ओतलं, टॉवेलनं मिशा पुसल्या आणि तो जेवायला आत गेला. वस्तरा सेवकरामच्या खिशातच राहिला.