फिरतं का?

मन्मथ सर कोणत्याही नव्या जागी गेले की आधी यंत्र शोधत. लग्नाच्या मंडपात जनरेटरपाशी, दवाखान्यात लिफ्टपाशी, आणि पाहुण्यांना विष्णुपुरीचा बंधारा दाखवायला नेलं, तर पाण्याकडे पाठ करून दरवाजे उचलणाऱ्या मोटारींपाशी. तिथल्या माणसाला ते एकच प्रश्न विचारीत, "कधी घेतलं हे?" साल कळलं की समाधानानं मान हलवीत. आयुष्याच्या उतरणीला त्यांचा हा प्रश्न बदलला. तो का बदलला, एवढंच मला सांगायचं आहे.

नांदेडच्या आमच्या महाविद्यालयात ते अर्थशास्त्र शिकवीत. मी त्यांच्याच विभागात, त्यांच्याहून बराच धाकटा. मूळचे ते उदगीरचे, लिंगायत व्यापाऱ्याच्या घरातले. वडिलांची डाळमिल धाकटा भाऊ शिवदासप्पा चालवीत असे. सरांनी मात्र जन्मभर एक दूरचा विषय धरून ठेवला होता. कर्जाच्या ओझ्याखाली दबलेले गरीब देश, त्यांतले बहुतेक आफ्रिकेतले, आपल्या उत्पन्नातला किती भाग रस्ते, पूल, वीजकेंद्रं आणि यंत्रं यांत घालतात, आणि दशकांमागून दशकं तो भाग कसा चढतो-उतरतो, हे ते पाहत असत. स्वतः हैदराबादच्या पलीकडे कधी गेले नव्हते.

स्टाफरूममध्ये कोणीतरी हमखास डिवचे, "सर, आधी कंधारचा रस्ता बघा, मग आफ्रिकेचा."

"कंधारचा रस्ता एका पावसात कळतो हो," सर शांतपणे म्हणत. "देश कळायला तीस-चाळीस वर्षं शेजारी-शेजारी मांडून बसावं लागतं."

वर्गात ते फळ्यावर एक रेषा काढीत. कर्ज मिळत होतं तोवर ती चढलेली, परतफेड सुरू झाली तशी घसरलेली, आणि मग कित्येक वर्षं जमिनीलगत सरपटणारी. "हप्ता चुकवला तर माणूस दारात येतो," ते सांगत. "पुलाची डागडुजी चुकवली तर कोणीच येत नाही. म्हणून हप्ता भरला जातो आणि पूल पडतो." रेषा पुन्हा वर नेली पाहिजे, हे त्यांच्या अभ्यासाचं सार होतं. त्यावरचं पुस्तक पुरं होत आलं होतं.

खंडेनवमीला ते न चुकता उदगीरला जात. त्या दिवशी यंत्रं बंद ठेवून धुतात, हळद-कुंकू वाहतात, झेंडूचे हार घालतात. एका वर्षी मीही बरोबर होतो. वडिलांच्या काळातली चाळणी, पट्टे ठिगळलेले, आणि एका बाजूला जमिनीवर अंथरलेल्या जाड तळवटावर बसून बायका डाळ निवडतात ती जागा. शिवदासप्पा बँकेचा हप्ता वेळेवर भरत असे आणि यंत्रांचं काम दरवर्षी पुढे ढकलत असे.

सर हार बाजूला सारून चाळणीचा गंज नखानं खरवडत होते. "शिवदास, तुझी मिल म्हणजे माझा एक देश हाय बघ. हप्ते भरून राहिलास आन् यंत्रं मरून राहिलीत."

"मग काय करू अण्णा?" शिवदासप्पा हसला. "त्या देशांला तुमचं ऐकू जाईना, म्हणून माझ्यावर प्रयोग करून राहिले व्हय?"

"हाव, तसंच समज. रंग पाहून डाळ निवडणारं यंत्र घे. लातूरच्या मिलवाल्यांनी कवाच घेतलं. कर्जाला जामीन मी राहतो."

शिवदासप्पानं माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं हाय, मास्तर?"

मी म्हणालो, सरांचं बरोबर आहे. त्या वेळी मला ते खरोखरच बरोबर वाटत होतं. शिवाय सरांशी सहमत होण्यात एक सुख असे, ज्यात माणूस स्वतःचा विचार करायचा विसरतो. ते सुख मी पुष्कळ वर्षं घेतलं.

यंत्र आलं. पुढच्या खंडेनवमीला त्यालाच मोठा हार होता. सरांनी पेढे वाटले आणि परतीच्या वाटेवर, एसटीच्या खिडकीशी बसून, हवेत बोटानं ती रेषा काढून वर नेली.

त्यानंतर दोन वर्षं सरांना जाणं जमलं नाही; एकदा आजारपण, एकदा परीक्षा. फोनवर शिवदासप्पा "बरं हाय अण्णा" एवढंच म्हणे. तिसऱ्या वर्षी आम्ही पुन्हा गेलो. मिलच्या मधोमध काहीतरी मोठं, जुन्या सोलापुरी चादरीनं झाकलेलं उभं होतं. शेजारी तळवटावर बायका नेहमीसारख्या डाळ निवडत होत्या. पूजेची वेळ झाली तशी शिवदासप्पानं चादर काढली, यंत्र पुसलं, बटण दाबलं. आत दिवे लागले, पट्टा सरकला. हळद-कुंकू झालं, आणि त्यानं अण्णांच्या हाती नारळ दिला.

सरांनी विचारलं, "शिवदास, हे फिरतं का?"

"फिरतं की. आता फिरलं न्हाई का?"

"रोज फिरतं का?"

शिवदासप्पा चादरीची घडी घालू लागला. मग तळवटावरची एक म्हातारी खाली मान घालूनच म्हणाली, "सणाला फिरतंय, साहेब. नव्या सुनंवानी. बाकी दिवस पदर घेऊन उभं राहतंय."

बायका हसल्या. शिवदासप्पाही कसनुसा हसला. "ह्याला लागती तेवढी लाईट ह्या बाजूला टिकत न्हाई, अण्णा. दोनदा आतलं कार्ड जळलं. मेकॅनिक हैदराबादहून येतो, त्याचं येणं परवडंना. सगळे पैशे यंत्रातच गेले, त्याला सांभाळायला ठिवलेच न्हाईत. तुम्हाला कोन्या तोंडानं सांगावं?"

सरांनी नारळ फोडला नाही. तो यंत्रापुढे ठेवला आणि बाहेर येऊन पोत्यांच्या थप्पीवर बसले. मी शेजारी बसलो. तेव्हा ते म्हणाले, "माझ्या सगळ्या तक्त्यांत खरेदी हाय. फिरणं कुठंच न्हाई."

पुस्तक तेव्हा छापखान्यात गेलेलं होतं. नांदेडला आल्यावर ते त्यांनी परत मागवलं. मी विरोध केला. एका मिलवरून इतके देश खोटे ठरत नाहीत, असं म्हणालो. माझ्या बोलण्यात तळमळ होती. पण त्या पुस्तकात साहाय्यक म्हणून माझंही नाव होतं, हे मी स्वतःपासून लपवणार नाही.

"एका मिलवरून देश खोटे ठरत न्हाईत, खरं हाय," सर म्हणाले. "पण जो प्रश्न मी सख्ख्या भावाला विचारला न्हाई, तो त्या देशांला तरी कुठं विचारला? कर्जाच्या दिवसांत रेषा वर होती. तवा मी तिला निरोगी म्हणलो. त्या वर चढलेल्या रेषेत किती यंत्रं चादरीखाली होती, कोण जाणे."

निवृत्तीनंतरची वर्षं त्यांनी त्या एका शोधात घातली. परदेशातल्या अनोळखी प्राध्यापकांना ते विचारीत राहिले: अमुक साली बांधलेलं वीजकेंद्र आज चालू आहे का? उत्तरं क्वचित येत. आली तर ती आणखी आकड्यांची असत. तेव्हापासून मंडपात, दवाखान्यात, बंधाऱ्यावर त्यांचा प्रश्न बदलला. "कधी घेतलं?" गेलं, आणि "फिरतं का?" आलं. उत्तर होकारार्थी आलं तरी आता ते मान हलवीत नसत. थांबून पाहत.

मिल मात्र सावरली नाही. हप्त्यांपोटी शिवदासप्पानं मागची अर्धी जागा विकली. भावाभावांत कधी शब्दानं शब्द वाढला नाही, आणि सरांना तेच सोसवत नसे. "तो एकदा शिवी देईल तर बरं," असं ते मला म्हणाले होते.

गेल्या उन्हाळ्यात सर गेले. पुस्तक अपुरंच राहिलं. खंडेनवमीला मी एकटा उदगीरला गेलो. मिलमध्ये शिरताच घरघर ऐकू आली. चादर नव्हती. यंत्राचे दिवे लागलेले, पट्टा सरकत होता. जवळ जाऊन पाहिलं, तर पट्ट्यावर डाळीचा एक दाणा नव्हता.

"दुरुस्त झालं?" मी विचारलं.

"अर्धं-मुर्धं. निवडत न्हाई, नुसतं फिरतं." शिवदासप्पानं खांद्यावरच्या पंच्यानं यंत्राची काच पुसली. "अण्णा गेल्यापासून सकाळी घडीभर चालू करतो. रोज. तवा तळवटावरच्या म्हातारीनं सांगितलं, मला सांगता आलं न्हाई. आता कोनी 'रोज फिरतं का' विचारलं तर हाव म्हणता यावं."

 पलीकडे तळवटावर बायका डाळ निवडत होत्या. थोड्या वेळानं त्यानं बटण बंद केलं, तेव्हा त्यांच्या सुपांचा आवाज ऐकू येऊ लागला.