उत्तमचा अंगठा

इन्स्पेक्शनच्या आदल्या दिवशी, सायंकाळी पाच ते सात, मी रंग दिला. पुढे जे बिघडलं ते या दोन तासांत बिघडलं, आणि ते मी बिघडवलं. तेव्हा हे कोणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

मे महिना होता. परतवाड्याहून वर, मेळघाटात साठ किलोमीटर आत, आमच्या युनिटचा दहा दिवसांचा मेडिकल कॅम्प लागला होता. डॉक्टर म्हणून एक कॅप्टन मॅडम, दोन नर्सिंग असिस्टंट, एक रेडिओ ऑपरेटर, ड्रायव्हर नायक उत्तम आणि मेकॅनिक म्हणून हवालदार मी. उत्तम परतवाड्याचा, घरचा फुलांचा मळा. मी अकोल्याच्या जुन्या शहरातला. आमच्या घरात वडिलांपर्यंत सगळ्यांनी देवळात पूजा केली, पान्याला हात लावणारा मी पहिला. म्हणून युनिटमध्ये माझं नाव पंडित.

सोबत एक कॅराव्हॅन होती. आत तपासणीचा पलंग, सिंक, गॅसची शेगडी आणि एक फ्रीज. फ्रीज विजेवर चाले आणि गॅसवरही. गॅसवर म्हणजे मागच्या कप्प्यात बोटभर ज्योत जळते आणि तिच्या उष्णतेने आत गार होतं. ते कसं, हे मी कोर्समध्ये दोनदा शिकलो. परीक्षेपुरतं समजलं.

ज्योतीत एक तांब्याची काडी असते, थर्मोकपल. ती तापली की तिच्यात चिमूटभर वीज तयार होते. ती वीज तारेतून जाऊन गॅसचा व्हॉल्व्ह उघडा धरते. ज्योत विझली की काडी गार होते आणि गॅस आपोआप बंद. पेटवताना नॉब अंगठ्याने दाबून धरायचा, अर्ध्या मिनिटाने सोडायचा. ज्योत टिकली पाहिजे.

ब्रिगेडियर साहेब येणार होते. फौजेत इन्स्पेक्शन म्हटलं की पहिला हात रंगाच्या डब्याकडे जातो. मी बंपर रंगवला, जॅक रंगवला, पाण्याच्या टाकीचं झाकण रंगवलं. मग चंदेरी रंग उरला. फ्रीजचा मागचा कप्पा उघडून पाइप, नट, तारा, सगळं खोलून एकेक रंगवलं आणि सुकल्यावर परत बसवलं. कप्पा चांदीच्या देव्हाऱ्यासारखा दिसत होता. माझी छाती फुगली होती.

दुसऱ्या दिवशी दहा चाळीसला गावाची वीज गेली. मी फ्रीज गॅसवर घेतला. ज्योत निळी, सरळ. अर्धा मिनिट मोजलं, नॉब सोडला. ज्योत विझली. परत पेटवली, परत विझली. एक मिनिट धरला, दोन मिनिटं धरला. सोडला की विझली.

फ्रीजमध्ये सापाच्या विषावरच्या लसीच्या दहा बाटल्या होत्या. बाहेर सावलीत त्रेचाळीस डिग्री. फ्रीजच्या आत चार.

अकरा दहाला रेडिओवर मेसेज आला. आमची दुसरी टीम आणखी वरच्या गावात होती.

"स्नेक बाइट. फीमेल, तीस साल. तेंदूपत्ता तोडताना. जीपने निघालो. तुमच्याकडे तीन वाजता. ओव्हर."

मॅडमनी दुसऱ्या बाटल्या आणायला खाली जीप पाठवायचं ठरवलं. तेवढ्यात कळलं की घाटात ट्रक आडवा झालाय, रस्ता बंद. म्हणजे ती बाई, या दहा बाटल्या आणि मी. मॅडमनी थर्मामीटर पाहिला. पाच.

"आठ के ऊपर गया तो मैं इसका भरोसा नहीं दूँगी," एवढं म्हणून त्या गेल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

उत्तम आला. त्याने मला बाजूला केलं, खाली बसला, नॉब दाबला आणि ज्योत पेटवली.

"सोडू नको म्हनतो ना व्हॉल्व्ह? मंग नाही सोडत. मी धरून ठेवतो. तू बिघाड पाह्य."

मी पाहायला लागलो. सिलिंडर बदलला. रेग्युलेटर बदलला. शेगडी पेटवून पाहिली, ती झक्क जळत होती, म्हणजे गॅस पुरेसा होता. धुराड्यात कोळ्याचं जाळं असतं म्हणून तार घालून ते साफ केलं. वारा लागत असेल म्हणून कप्प्यापुढे ताडपत्री बांधली. गाडी तिरपी वाटली तर चाकाखाली दगड दिले, आणि दगड देताना एक स्वतःच्या पायावर पाडला. दर वेळी उत्तमला सांगायचो, सोड. तो सोडायचा. ज्योत विझायची. तो परत पेटवायचा.

त्याला ज्योतीवरून नजर हलवता येत नव्हती. ती विझली आणि अंगठा दाबलेला राहिला, तर सगळा गॅस कप्प्यात. डाव्या हातात पाण्याची बाटली, उजवा अंगठा नॉबवर. दीड वाजता अंगठा पांढरा पडला होता. मी म्हटलं, मी धरतो. तो म्हणाला, मग बिघाड कोण शोधेल, तुझे वडील?

दोन वाजता थर्मामीटर सहावर होता. माझ्याकडचे उपाय संपले होते. मी टायरला टेकून बसलो.

"पंडित," उत्तम ज्योतीकडे पाहतच म्हणाला, "तू जिथं हात नाही लावला तेच सारं पाहून राहिला. काल जिथं लावला ते काहून नाही पाहत?"

मी थर्मोकपलच्या तारेचा नट सैल केला. तारेचं टोक व्हॉल्व्हला जिथे टेकतं, तिथे ते टोक चंदेरी होतं. व्हॉल्व्हची खाचही चंदेरी. मी मन लावून दोन हात दिले होते. चिमूटभर विजेला तेवढा रंग म्हणजे भिंत.

उत्तमने पाहिलं. हसला नाही. "काडेपेटी हाये माह्या खिशात," म्हणाला. काडेपेटीच्या खरखरीत बाजूने मी टोक घासलं, खाच ब्लेडने खरवडली, नट आवळला. दोन वीसला त्याने अंगठा काढला.

ज्योत टिकली.

जीप तीन पाचला आली. बाटल्या सहावर होत्या. बाईचा पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. मॅडमनी लस सुरू केली. संध्याकाळी रस्ता उघडला आणि तिला अमरावतीला हलवलं. आठवड्याने ती घरी गेली.

मॅडमनी बिघाड काय होता ते विचारलं. मी तोंड उघडलं, पण आधी उत्तम बोलला.

"पार्ट ढीला था, मॅडम. उस्ताद ने पकड़ लिया।"

रस्ता बंद होता म्हणून ब्रिगेडियर साहेब एक दिवस उशिरा आले. त्यांनी कप्पा उघडायला लावला, रंगावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "व्हेरी स्मार्ट." महिन्याभराने मला प्रशस्तिपत्र मिळालं. मी ते घेताना उत्तम मागच्या रांगेत उभा होता. सॅल्यूट करताना त्याचा अंगठा नीट दुमडत नव्हता.

पुढच्या वर्षी त्याची पोस्टिंग बर्फात झाली. सकाळच्या गस्तीवर हिमस्खलन झालं. तो आणि आणखी दोघे. तिघे चौथ्या दिवशी सापडले. त्याची काळी ट्रंक घेऊन मीच परतवाड्याला गेलो. तेव्हा रंगाचं बोललो नाही.

मी रिटायर झालो. हल्ली अमरावतीची डॉक्टर, वकील मंडळी हौसेने कॅराव्हॅन बांधून घेतात आणि फ्रीज गॅसवर टिकत नाही म्हणून मला फोन करतात. मी पहिला प्रश्न विचारतो, शेवटचा हात कोणी लावला? बहुतेक सगळे म्हणतात, बघून परत फोन करतो.

परवा असंच काम आटोपून परतवाड्याला गेलो. उत्तमची आई झेंडूच्या वाफ्यात होती. प्रशस्तिपत्र सोबत नेलं होतं. म्हटलं, मावशी, हे त्याचं आहे. तो रंग माझा होता.

"मालूम हाये मले," त्या म्हणाल्या. "सुट्टीत आला तवा सांगून राहिला होता. हसू हसू लोळला. म्हने कोनाले सांगजो नको, पंडिताचा कागद जाईन."

त्यांनी कागद त्याच्या फोटोमागे ठेवला.

"आता आलाच तं मोटर पाह्य. बंद पडते. रंग नको देऊ."

मोटरच्या स्टार्टरचं हिरवं बटन दाबलं की पाणी येत होतं. सोडलं की बंद. आतली कॉइल गेली होती, नवी बाजारातून उद्या आणावी लागणार होती. झेंडू सुकत होता. मी बटन अंगठ्याने दाबून उभा राहिलो, शेवटचा वाफा भिजेपर्यंत.

पाऊण तास. त्याने नॉब तीन तास धरला होता.