आधी सत्कार, मग सिनेमा

तुमच्याकडे सिनेमा वेळेवर सुरू होतो, असं तुम्ही फोनवर कौतुकाने सांगता. आता आमच्याकडचं ऐका.

चाकणच्या रस्त्याला, ट्रकच्या सुट्या भागांच्या दुकानांवर, शेजाऱ्यांच्या मुलाने छोटं थिएटर काढलं आहे. इतरत्र कुठेच न लागणारे परदेशी सिनेमे तिथे लागतात. इतरत्र का लागत नाहीत, हे पहिल्या अर्ध्या तासात कळतं. एकात एक गृहस्थ विहिरीत डोकावतो. बराच वेळ डोकावतो. मग गाढव येतं, तेही डोकावतं. पुण्याहून येणारी झोळीवाली मंडळी यावर माना डोलावतात आणि विहीर म्हणजे पोकळी, असं एकमेकांना समजावतात. तुमच्या आजोबांना तिथे गाढ झोप लागते, म्हणून आम्ही दर शनिवारी जातो.

इमारत मुलाच्या वडिलांची. घराणं जुन्या गावातलं; जमीन कंपनीला गेली, आता गाळ्यांच्या भाड्यावर चालतं. मुलाने या थिएटरपायी चांगली नोकरी सोडलेली. वडिलांनी त्याला बजावलं होतं, येत्या शनिवारी हॉल भरला तर ठीक, नाहीतर जागा जिमवाल्यांना.

घाबरून त्याने सगळ्या भावकीला बोलावणं धाडलं. इथेच चुकला. आमच्याकडे माणसं बोलावली की सत्कार आला, आणि एकाचा केला की दुसऱ्याचा राहून चालत नाही. वडिलांनी सूत्रं हाती घेतली. पडद्यापुढे समई आली, माइक आला, निवेदक आला. हॉल खचाखच. पतसंस्थेच्या अध्यक्षांना शाल, नारळ, फेटा. मग अध्यक्षांच्या मेव्हण्यांना. कर्तृत्व काय, तर मेव्हणे. प्रत्येकाला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि दोनावर कुणी थांबलं नाही. एकजण बैलगाडा शर्यतीवर इतकं बोलला की पुण्याच्या मंडळींना तोच सिनेमा वाटला असावा. मुलगा बिचारा प्रोजेक्टरपाशी घाम पुसत उभा.

शेवटचा फेटा बांधून झाला आणि सत्कारमूर्ती काखेत नारळ मारून निघून गेले. त्यांच्यामागे त्यांची माणसं. हेही आमच्याकडे रीतसरच. उरलो आम्ही, झोळीवाले आणि पहिल्या रांगेत फेट्यासकट वडील.

सिनेमात एक बाई धुक्यात होडी वल्हवत होती. वडील शिष्टाचार म्हणून बसले. शेवटी मला मोठ्याने विचारलं, "बाई, ही पोचणार कवा?"

मी म्हटलं, पोचेलसं दिसत नाही.

दिवे लागले तसे ते उठले. मुलाचे डोळे त्यांच्या तोंडाकडे.

"हॉल भरला की," ते म्हणाले. "जिम ऱ्हाऊ दे. दर महिन्याला असा सत्कार ठिवायचा. मग येळ उरला तर तुझा शिनेमा."

मुलगा वाकून पाया पडला. जिन्यात मी त्याला गाठलं आणि विचारलं, तुझ्या पडद्यापुढे हे नारळ वाटणार, तुला काहीच वाटत नाही?

"वाटतं ना काकू," तो म्हणाला. "पण जिममध्ये सिनेमा लागला नसता."

आजोबा पुढे जाऊन रिक्षा थांबवत होते, मी त्यांच्यामागे गेले.

पुढच्या महिन्यात माझा सत्कार आहे, इंग्रजी शिकलेल्या ज्येष्ठ महिला म्हणून. सत्तरी ओलांडणं हे कर्तृत्व असेल, तर ते मी केलं आहे. शाल घेईन, दोन शब्द म्हणजे दोनच बोलेन आणि सिनेमा संपेपर्यंत खुर्ची सोडणार नाही. मग पडद्यावर गाढव आलं तरी चालेल.