पाणी कंपनीचे मामाजी

आमच्या मामाजींइतका भित्रा माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात आणि सासूला आत्याबाई. रस्त्यावर जीपचा आवाज आला, की मामाजी दुकानाच्या गादीवरून उठून आधी टोपी घालत. जप्तीवाले आलेच, तर उघड्या डोक्यानं सामोरं जायला नको, एवढाच त्यामागचा विचार. जीप बहुधा जंगलखात्याची असे आणि नेरडीगोंड्याकडे निघून जाई. मग टोपी काढून घाम पुसत ते म्हणत, "गेली बाप्पा!" नवी नवरी असताना मला याचं हसू यायचं. पण लवकरच जीप ऐकली, की मीही डोक्यावरचा पदर सावरू लागले.

ही सारी भीती पाणी कंपनीची. निजामाच्या काळात गावातल्या दुकानदारांनी मिळून ती काढलेली. नदीकाठी विहीर, तिच्यावर तेलाचं इंजिन, एक टाकी आणि घरोघर नळ. त्यासाठी हैदराबादच्या एका सरकारी खात्यातून लांब मुदतीचं कर्ज घेतलं होतं. करारात अट अशी, की हे कर्ज फिटेपर्यंत खात्याच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कुणाकडून पैसा उसना घ्यायचा नाही. घेतला, तर सगळं कर्ज एकदम वसूल आणि विहिरीपासून नळापर्यंत सगळं जप्त. भागीदार पुष्कळ होते, पण मुख्य म्हणून सही मामाजींची होती.

ही अट कंपनीपुरती आहे, घराला लागू नाही, हे मामाजींना कधीच कुणी पटवू शकलं नाही. एकदा मांजरानं दह्याचं भांडं पाडलं, म्हणून मी वाटी घेऊन शेजारी विरजण आणायला निघाले. त्या काळी सासरे सुनेशी थेट बोलत नसत. ओट्यावरून त्यांनी आत्याबाईंना हाक मारली.

"अवो, सूनबाईले सांगा, आपल्याले उसनं आनाची मनाई हाये."

"वाटीभर इरजनानं कोन जप्ती आनते जी?"

"घर आन कंपनी काई येगळी हाये का? सही एकाच हाताची हाये."

पुढे बाजारच्या दिवशी गवळणीकडून रोख पैसे देऊन दही घेतलं, तेव्हा कुठे आमच्या घरात ताक झालं.

मग राज्यं बदलली. निजामाचं गेलं, भाषावार प्रांत झाले. पैनगंगेपलीकडचं माझं माहेर मुंबई राज्यात गेलं आणि सासर आंध्रात. खाती एकमेकांत मिसळली, कचेऱ्या हलल्या, आणि आमचं कर्ज नक्की कुणाच्या पदरात पडलं ते कुणालाच सांगता येईना. कर्जाची किस्त खजिन्यात भरली की बिनबोभाट घेत, पण मंजुरी मागायला दार उरलं नव्हतं. मामाजी हैदराबादला जाऊन आले. या कचेरीनं त्या कचेरीत धाडलं, तिथल्या कारकुनानं घरी जायला सांगितलं. परत आल्यावर ते जेवले नाहीत. "सावकार मेला असता तं समजलं असतं," म्हणाले. "हा जित्ता हाये, निस्ता दिसून नाई राह्यला. मले याचंच भेव वाटते."

त्याच वैशाखात इंजिनाच्या आतला दांडा तुटला. निर्मलहून आलेल्या मिस्त्रीनं सांगितलं, नवा दांडा नागपूरहूनच आणावा लागेल. किस्त भरून कंपनीच्या पेटीत काही उरलं नव्हतं आणि भागीदारांनी हात वर केले. एका कापसाच्या व्यापाऱ्यानं पैसे देऊ केले, कागदही नको म्हणाला. मामाजींनी त्याला हात जोडले. "कागद नसन, पन मले तं ठाऊक राहीन ना!"

नळ कोरडे पडले. बाया नदीच्या वाळूत झिरे खोदून वाटीवाटीनं पाणी भरू लागल्या. ते पाणी गढूळ, आणि गावात कुणाकुणाला जुलाब सुरू झालेले. मला सातवा महिना होता. मी पाणी उकळून, फडक्यातून गाळून प्यायची आणि प्रत्येक घोटाला मला धास्ती वाटायची. मामाजी घागरीत डोकावून बघत आणि बाहेर निघून जात. एकीकडे जप्ती, दुसरीकडे पटकी. त्या दिवसांत त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

माझी ओटी भरायचा दिवस आला. आत्याबाई कुंकवाचा करंडा घेऊन घरोघर आमंत्रण देऊन आल्या होत्या. आमंत्रणाबरोबर आणखी काय बोलून आल्या, ते मला ठाऊक नव्हतं. गावातल्या झाडून साऱ्या बाया आल्या, दुकानदारांच्या आल्या, भाजीवाल्या माळिणी आल्या. प्रत्येकीनं तांदूळ-नारळाबरोबर खणाखाली रुपये सरकवले. पदर जड होत गेला तसा मी तो दोन्ही हातांनी धरला. सगळ्या गेल्यावर आत्याबाई म्हणाल्या, "ओटीतलं वापस नसते देत. हे आता तुयं. कोनाले द्याचं थे तू पाह्य."

मी ते सगळं फडक्यात बांधून त्यांच्याच हाती मामाजींकडे पाठवलं. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दारात सावली पडली. मामाजी उभे होते. डोक्यावर टोपी होती आणि हातात ते गाठोडं. त्या घरात ते पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

"सूनबाई, हे उसनं तं नाई ना?"

मी डोक्यावरचा पदर सावरला. "मामाजी, घर आन कंपनी एकच हाये म्हनता ना तुमी? मंग घरातलं घरात उसनं कसं होईन?"

त्यांनी टोपी सारखी केली. "पक्कं ना?"

"पक्कं."

मला काही म्हणजे काही पक्कं ठाऊक नव्हतं. माझ्यामुळे उद्या सगळं जप्त झालं तर, हा विचार काही केल्या जात नव्हता. पण दांडा आला, इंजिन सुरू झालं, आणि आमची मुलगी जन्मली तेव्हा तिला नळाच्या पाण्यानं न्हाऊ घातलं.

जप्तीवाले कधीच आले नाहीत. पुढे कर्जासकट सगळी कंपनी नगरपालिकेनं ताब्यात घेतली. किल्ल्या घ्यायला आलेले साहेब तेलुगू होते. ते हिंदीत म्हणाले, "शेठजी, अब आराम करो. कर्जा हमारा."

मामाजींनी किल्ल्या लगेच सोडल्या नाहीत. "कर्जा तुम्हारा, ठीक है साहब. लेकिन अब डरेगा कौन?"

साहेब मोठ्यानं हसले. मामाजींना मात्र उत्तर हवं होतं. शेवटी त्यांनी किल्ल्या दिल्या. त्यानंतर ते फार दिवस जगले नाहीत.

ते गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात नळ पुन्हा बंद पडले. नगरपालिकेच्या कचेरीत विचारलं तर कुणी धड सांगेना, कुणाला त्याची फिकीरही दिसेना. सवयीनं बाया रिकाम्या घागरी घेऊन आमच्याच ओट्यावर येऊन बसल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि मला दरदरून घाम फुटला. पोरीला आत्याबाईंकडे दिलं, डोक्यावरून पदर घेतला आणि बायांना घेऊन कचेरीत गेले.

साहेबांनी मान वर करून विचारलं, "आप कौन?"

मी मामाजींचं नाव सांगितलं. "उनकी बहू. साहब, अब डरने का काम मेरा है."